समसंख्या

लिएपायात मार्चमध्येही वारा
कोटाच्या बटणांशी भांडतो.
कालव्यापलीकडे व्हिझ्माचं दुकान.
दार ढकललं तर चष्म्यावर धुकं,
धुकं पुसलं तर ट्यूलिप.
सगळी. एकदम. तोंडं उघडून.

मी विमा कंपनीचा माणूस.
बॅगेत तापमापक, तीन पानी फॉर्म,
आणि कागदात गुंडाळलेले काळ्या पावाचे दोन काप.

काल रात्री थंडघराचं यंत्र उलटं फिरलं.
बाहेर उणे आठ, आत अधिक एकवीस.
आणि उद्या आठ मार्च.
गावातला प्रत्येक पुरुष उद्या
आईसाठी, बायकोसाठी, मुलीच्या बाईंसाठी
इथे रांगेत उभा राहणार,
मिटलेली कळी मागणार.
कळी म्हणजे पाच दिवसांची हमी.
ही फुलं तर आजच
सगळं बोलून मोकळी झालेली.

कलम अकरा मी मोठ्यानं वाचलं:
शीतयंत्र बिघडल्यामुळे झालेला
नाशवंत मालाचा नाश अथवा ऱ्हास.
मग बादल्यांकडे पाहिलं.
एक पाकळी गळलेली नव्हती.
"बाई, नाश कुठाय?"

"फुलणं," ती म्हणाली,
"आमच्या धंद्यात त्यालाच म्हणतात."

बावीस वर्षं मी मोजत आलोय:
बेकरीतली राख,
तळघरात पाणी प्यालेले चारशे बूट,
फोडलेल्या काचा, पळवलेले गल्ले.
नुकसानीला वास असतो, ओला, जळका,
तो दारातच भेटतो.
इथे मात्र ते लाल-पिवळं होऊन
माझ्याकडे मान वळवून बघत होतं.

कोपऱ्यात गुंटार्स, तिचा मदतनीस,
जेमतेम एकोणीस वर्षांचा,
वरच्याच खोलीत झोपतो.
"रात्री काहीतरी वाजत होतं," तो म्हणाला,
"मला वाटलं, कुणाची तरी गाडी..."
व्हिझ्माच्या हातून कात्री पडली.
फरशीवर खणकन.
ती उचलायला ती वाकली, तोही वाकला,
बराच वेळ दोघंही वाकूनच होते.

कलम चौदा निष्काळजीपणाचं आहे.
मला ते पाठ आहे.
मी तापमापक भिंतीला लावला
आणि पारा बघत राहिलो,
जणू तोच काहीतरी सांगणार होता.

सतरा वर्षांचे हप्ते तिनं वहीत मांडलेले,
प्रत्येकासमोर पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण.
एका वर्षी खूण नाही, फक्त लिहिलंय:
कोट पुढच्या हिवाळ्यात.

मग मोजणी.
बादली, बादली, बादली,
तिघांच्या बोटांना देठांचा चिकट रस.
अकराशे चाळीस.

"सम?" ती दचकली.
"सम आकडा थडग्यावर नेतात.
जिवंत माणसाला विषम द्यायचं असतं.
तुम्हाला माहीत आहे, तुम्ही इथलेच आहात."

मला माहीत होतं. वडिलांना मी सहा दिली होती.
"पण आकडा मी बदलू शकत नाही," मी म्हणालो.

तिनं एक फूल ओढलं,
देठ तिरपं कापलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं.
भेट घ्यायची नाही, कंपनीचा नियम.
मी खिसे चाचपले: एक युरो, वीस सेंट.
तिनं पावती फाडली, व्यवस्थित, शिक्क्यासकट.
मी फॉर्ममध्ये लिहिलं:
उरलेल्या मालाची विक्री, नग एक.
बाद करून शिल्लक, अकराशे एकोणचाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात: यंत्रदोष.
बाकी रकाना रिकामा ठेवला.
पैसे मिळतील की नाही, ते वरचे ठरवतील.
वरच्यांना फुलं दिसत नाहीत,
त्यांना मी दिसतो, माझं अक्षर.

घरी बायको म्हणाली, "आठ तारीख उद्या आहे."
म्हटलं, "ह्याला थांबवेना."

ती हसली, पेला भरायला गेली.
दिव्याखाली ते आणखी थोडं उघडलं.
मोजायची सवय वाईट.
सहा पाकळ्या.
तिला सांगितलं नाही.